शाळेचा संघ, सहावी ते आठवी: फी नाही, पण फुकटही नाही

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या शाळांच्या फळ्यावर आठवड्याभरात एक सूचना लागते: कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा, ज्यांना खेळायचं आहे त्यांनी सकाळी सहाला मैदानावर हजर राहावं. खाजगी अकॅडमीत नाव घालण्याआधी पालक दहा जणांना विचारतात. शाळेच्या संघाबद्दल कोणी काही विचारत नाही, कारण तिथे पैसे द्यायचे नसतात. पण तीही एक सेवाच आहे, आणि तिचं परीक्षण करायला हरकत नाही. आमचं मत आधीच सांगतो. अकरा ते चौदा वयाच्या मुलासाठी याहून चांगला सौदा खान्देशात नाही. शिकवण्याला पाचपैकी चार गुण, कागदपत्रांच्या कारभाराला दोन, स्पर्धेच्या दिवसाच्या नियोजनाला दीड. कमी पडलेले बरेचसे गुण पालकच घरून भरून काढू शकतात. फक्त काय भरायचं हे शाळा सांगत नाही.

आधी नक्की काय मिळतं ते बघू. शालेय स्पर्धा क्रीडा व युवक सेवा संचालनालयाच्या, आणि जिल्ह्यात त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय व क्रीडा परिषद घेते. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य, अशी चढण. वयोगट तीन: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. सहावी ते आठवीची बहुतेक पोरं पहिल्या गटात बसतात. तालुक्याला सामने सहसा बाद पद्धतीने होतात, म्हणजे हरला की घरी. या वयात कबड्डीचा सामना दोन डावांचा, मिळून साधारण अर्ध्या तासाचा. संघ जास्त आले तर डाव आणखी आखूड करतात. थोडक्यात, दोन महिने सराव आणि कदाचित एकच सामना. संघ बारा जणांचा, मैदानात सात. उरलेले पाच राखीव, त्यांच्या वाट्याला तेवढंही येईल असं नाही. हे मुलाला आणि घरच्यांना जूनमध्येच माहीत असेल तर सप्टेंबरमधली निम्मी रडारड टळते.

आता कागद. मैदानावर हरलेल्या संघांइतकेच संघ कागदांवर बाद होतात असं वाटावं, इतका हा भाग कच्चा आहे. लागतं काय, तर जन्माचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा (बऱ्याचदा पहिलीत नाव घातलेल्या शाळेचाही), आधार कार्ड, फोटो, आणि मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचं खेळाडू ओळखपत्र. नोंदणी शाळेने ऑनलाइन करायची असते आणि तिला मुदत असते. मुदत संपायच्या आदल्या संध्याकाळी सर गटावर मेसेज टाकतात, ‘उद्या सकाळी आधार आणा’, आणि तिथून धावपळ सुरू होते.

चुका ठरलेल्या असतात. जन्मदाखल्यावर आडनाव पाटील, रजिस्टरला मूळ कुळाचं आडनाव. दाखल्यावर वडिलांचं नाव नुसतं, आधारवर ‘भाऊ’ जोडलेलं. मुलीचं घरातलं नाव एक आणि शाळेतलं दुसरं. धडगाव-अक्कलकुव्याकडे घरी जन्मलेल्या पोरांच्या नोंदी उशिरा झालेल्या असतात, आणि उशिरा केलेल्या नोंदीकडे छाननीवाले भिंगातून बघतात. जन्मतारीख १ जून असली की तर विचारूच नका. गुरुजींनी अंदाजाने तारखा टाकण्याचा तो काळ सरला, तरी १ जून दिसलं की समोरच्या संघाचे मॅनेजर हरकतीचा अर्ज काढतात. वय धरायची तारीख १ जानेवारी असते. त्यामुळे डिसेंबरात जन्मलेला आणि जानेवारीत जन्मलेला हे एकाच बाकावरचे दोघे वेगवेगळ्या गटात जाऊ शकतात. त्या वर्षीच्या परिपत्रकात तारीख स्पष्ट छापलेली असते. ती सरांकडे मागून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. रजिस्टरमधली जन्मतारीख दुरुस्त करायची तर ते शाळेच्या हातात नसतं, शिक्षण खात्याची परवानगी लागते. हंगामाच्या तोंडावर त्या वाटेला जाऊ नका, दिवाळीनंतर निवांत करा. आणि वय चोरून पोर खेळवायचा सल्ला कोणी दिला, कोणीही, तर सरळ नाही म्हणा. एक खेळाडू जास्त वयाचा निघाला की अख्खा संघ बाद होतो. बाकीच्या अकरा घरांना तोंड तुम्हालाच दाखवायचं आहे.

आमची सूचना साधी: जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका प्लास्टिकच्या फाइलीत प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणि सहा फोटो घालून ती फाइल सरांकडे द्या. मूळ कागद घरीच ठेवा, स्पर्धेच्या दिवशी सोबत न्या.

शिकवण्याला चार गुण का, ते मैदानावर अर्धा तास उभं राहिलं की कळतं. चांगले क्रीडाशिक्षक पहिली दहा-बारा मिनिटं अंग गरम करण्यावर घालवतात: हळू पळणं, गुडघे उचलून पळणं, बाजूला सरकत पळणं, मग खेळातल्याच हालचाली. थेट सामना लावून देणारे आणि खुर्चीवरून शिट्टी वाजवणारेही आहेत. एक गुण त्यांच्यामुळे गेला. पंचवीस-तीस पोरांमागे एकच सर असतील तर वाईट नाही, पण तेव्हा गट पाडून काम होतंय का ते बघा. तीस पोरं एका रांगेत उभी आणि एकच चढाई करतोय, असं असेल तर दीड तासात तुमच्या मुलाच्या वाट्याला तीन मिनिटं येतात. शिक्षा म्हणून वीस राउंड, उठाबशा, काठी, हे चालवून घ्यायचं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे, आणि मैदान शाळेबाहेर येत नाही.

बुटांवर थोडं थांबतो, कारण पालकांचे सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आपल्याकडे बूट वाढत्या मापाचे घ्यायची रीत आहे, ‘पुढच्या वर्षीही चालतील’. दप्तराला ते ठीक, खेळाच्या बुटाला नाही. पाय आत सरकतो, आणि कबड्डी-खो-खोत बाजूला झटका देऊन वळताना घोटा मुरगळतो. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा, बस्स. दुसरी चूक म्हणजे जाड टाचेचे पळायचे बूट. ते सरळ पळायला बनवलेले असतात. टाच उंच असल्याने आडव्या हालचालीत पाय कलतो. या खेळांना सपाट, पातळ, रबरी तळ हवा. दुकानात बूट हातात घेऊन वाकवून बघा: बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध मुडपत असेल तर परत ठेवा. तालुक्याला कबड्डी मातीवर अनवाणी होते, वर गेलं की मॅट लागते, आणि मॅटवर अनवाणी घसरलं की कातडी सोलून निघते. म्हणून बूट आधीच घेऊन निदान दोन आठवडे सरावात घालायचे. स्पर्धेच्या सकाळी नवा बूट काढला की दुपारपर्यंत टाचेला फोड आलाच. पळणाऱ्यांनी स्पाइक्सची, म्हणजे तळाला खिळे असलेल्या बुटांची, घाई करू नये. आपल्या काळ्या मातीच्या मैदानावर पावसाळ्यात त्यांना चिखलाचे गोळे चिकटतात, आणि सहावी-सातवीच्या पोटऱ्यांना तो ताण लवकर होतो.

याच वयात आणखी एक तक्रार येते, आणि घरचे तिला ‘नाटक’ म्हणतात. उंची झपाट्याने वाढत असताना टाचेचं किंवा गुडघ्याखालच्या हाडाचं टोक दुखतं. टाच दोन्ही बाजूंनी बोटांत धरून दाबली की पोर कळवळतं, किंवा गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ आल्यासारखं दिसतं आणि जिना उतरताना दुखतं. हाड वाढतंय आणि स्नायू त्याला ओढतोय, एवढंच कारण. यात उड्या आणि जोराचं पळणं काही आठवडे कमी करावं लागतं, पोटरी-मांडीचे ताण द्यावे लागतात, डॉक्टरांना एकदा दाखवावं. दुखत असताना ‘कर, कर, काही होत नाही’ म्हणणारा सर असो की बाप, दोघंही चूक.

मुरगळलं तर? कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, क्रेप बँडेज, पाय उंच. पहिले दोन दिवस चोळायचं नाही, गरम हळदीचा लेप लावायचा नाही, हाडवैद्याकडे ओढून घ्यायला न्यायचं नाही. आतला रक्तस्राव आणि सूज वाढते. चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे. डोक्याला मार बसून पोर गोंधळलं, उलटी झाली, तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट दवाखाना. शाळेच्या प्रथमोपचार पेटीत काय आहे ते एकदा उघडून बघा. बऱ्याच ठिकाणी संपलेला स्प्रे आणि एक कापूस एवढंच निघतं.

उन्हाचा हिशेब खान्देशात वेगळाच. जून आणि ऑक्टोबर हिटमध्ये साडेआठनंतर मैदानावर पोर ठेवूच नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी अर्धा पेला ते पेलाभर पाणी, तहान लागायची वाट न बघता. सरावाआधी आणि नंतर वजन करून बघा; एक किलो कमी भरलं तर जवळजवळ एक लिटर पाणी गेलं असं समजा. लघवी गर्द पिवळी दिसली तरी तेच. सामन्यांच्या दिवशी ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण पुडी, पूर्ण लिटर. ‘चवीला’ अर्धी पुडी टाकून उपयोग नाही. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. टपरीवरची कॅफिनवाली एनर्जी ड्रिंक्स या वयाला नकोतच. पोर लडखडत चालायला लागलं, बडबडलं, अंग तापलं, तर सावलीत आडवं करून मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने गार करा, वारा घाला आणि १०८ ला फोन लावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतू नका.

डब्याचं सांगायचं तर सामन्याच्या अडीच-तीन तास आधी भाकरी किंवा पोळी आणि साधं वरण, तासभर आधी एक-दोन केळी. रावेर-यावलची केळी दारात असताना प्रोटीन पावडरचे डबे कशाला घेतात हे आम्हाला कळलेलं नाही. शेंगदाणा-गुळाचे दोन लाडू खिशात. शेवभाजी, फौजदारी दाळ, मैदानाबाहेरचा समोसा सामना होईपर्यंत वर्ज्य. तेल-तिखट पोटात असताना चढाईला गेलेलं पोर धापा टाकतं. वरणबट्टी रात्री, जिंकलात तरी आणि हरलात तरी.

कबड्डीत वजनाची मर्यादा असते आणि स्पर्धेआधी वजन होतं. इथे फार चुकीचं घडतं. दोन किलो जास्त भरतंय म्हणून पोराला आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, पाणी तोडायचं, स्वेटर घालून पळवायचं. वाढत्या अंगाला हा जुलूम आहे, शिवाय असं पोर दुसऱ्या डावात उभं राहू शकत नाही. वजन जास्त भरत असेल तर यंदा खो-खो किंवा गोळाफेक खेळवा. सरावाच्या पहिल्याच आठवड्यात काट्यावर उभं केलं असतं तर ही वेळ येत नाही. सरांनी केलं नाही, तर तुम्ही करा.

खेळाडूकडून काय अपेक्षा, हे शाळा तोंडी सांगते आणि घरापर्यंत निम्मंच पोचतं. वेळेआधी पंधरा मिनिटं. गैरहजर राहायचं तर आदल्या दिवशी सांगायचं. नखं कापलेली हवीत. कबड्डीत पंच हात उलटे करून बघतात आणि परत पाठवतात. अंगाला तेल लावून उतरता येत नाही, त्यामुळे आजीने प्रेमाने केलेली मालिश रात्रीच उरकावी. गळ्यातला ताईत, कानातली बाळी, मनगटातलं कडं काढायचं. मुलींनी धातूच्या पिना आणि काचेच्या बांगड्या घरी ठेवायच्या, केस रबराने घट्ट बांधायचे. मुलींचा संघ बाहेरगावी जात असेल तर सोबत मॅडम आहेत का, कपडे बदलायला खोली आहे का, हे पालकांनी आधी विचारावं. संकोच करू नये. पिशवीत पॅड आणि गडद रंगाची जादा हाफ पँट असावीच. या कारणाने मुली मधूनच खेळ सोडतात, आणि घरी कारण भलतंच सांगतात.

आता पालक. रेषेबाहेरून ‘अरे पोऱ्या, डावीकडे! पकड ना त्याले!’ हे ऐकायला गोड वाटतं, पण खो-खोत पाठलाग करणारा सरांच्या खुणेवर आणि रांगेत बसलेल्या गड्याच्या आवाजावर चालतो. चार बापांचे चार आवाज आले की तो अर्धा क्षण थबकतो, आणि खो-खोत अर्ध्या क्षणात गडी निसटतो. पंचांशी वाद घालायचा अधिकार फक्त कर्णधार आणि व्यवस्थापकाचा, तोही नियमाच्या चौकटीत. कबड्डीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाद. बाहेरच्या दंग्याने चिडलेलं पोर आत कार्ड खातं. निवड झाली नाही तर त्याच दिवशी सरांना गाठू नका. एक रात्र जाऊ द्या, दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर बाजूला घेऊन विचारा, ‘सर, सातमध्ये यायला त्याने काय सुधारावं?’ ‘त्यांचा मुलगा का खेळतो’ या प्रश्नाला कुठल्याच सरांकडे उत्तर नसतं.

स्पर्धेच्या दिवसाला दीड गुण दिला आहे, तोही हात सैल सोडून. हजेरी सकाळी आठला आणि सामना दुपारी तीनला, हे नेहमीचंच. सावली असेल असं समजू नका, प्यायचं पाणी असेल असंही नाही. प्रत्येक पोराला दोन लिटर पाणी, टोपी, बसायला चटई, पुरेसा डबा. जायच्या आधी लेखी संमतीपत्र द्या आणि त्यावर रात्री लागणारा फोन नंबर लिहा. परतीचं वाहन कोणतं, शेवटची एसटी किती वाजता, ती चुकली तर काय, हे सरांना विचारून ठेवा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना संध्याकाळनंतर गाडी मिळत नाही. पोरं जीपमध्ये कोंबून नेतायत असं दिसलं तर तिथेच आडवे व्हा. मधूनच मुलाला घेऊन जायचं असेल तर सरांच्या वहीत सही करून न्या, नाहीतर रात्री आठला अकरा पोरं बसमध्ये आणि सर एकाला शोधत मैदानभर.

अभ्यासाचं फारसं बिघडत नाही. चाचणी परीक्षा आणि स्पर्धा एकाच दिवशी आल्या तर शाळेला अर्ज देऊन ठेवा, तेवढं पुरतं.

खाजगी अकॅडमी कधी? शाळेचा एक हंगाम पूर्ण करून मुलालाच आणखी हवं असेल तेव्हा. जाण्याआधी एक सराव बसून बघू देतात का ते विचारा. नाही म्हणाले तर तिथेच थांबा. ‘राष्ट्रीय निवड’, ‘प्रमाणपत्र मिळवून देतो’ म्हणून पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी किंवा नोकरीतल्या खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी कुठल्याही संघटनेचं कुठलंही चकचकीत प्रमाणपत्र चालत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचंच लागतं, आणि नोकरीच्या वेळी क्रीडा खातं त्याची पडताळणी करतं. शाळेकडून मिळालेलं साधं तालुक्याचं प्रमाणपत्रसुद्धा लॅमिनेट न करता फाइलीत ठेवा. लॅमिनेट केलं की सही-शिक्का तपासताना अडचण येते, आणि ते सोलून काढायला गेलं की कागदही जातो.